रीलमधली डाउनहिल सायकल जालन्यात चालेल का? लाखो रुपये घालण्याआधी हे वाचा

इन्स्टाग्राम उघडलं की असं एखादं रील समोर येतंच. हेल्मेटवर कॅमेरा, समोर जंगलातली उभी उतरण, दगड, झाडांची मुळं, मध्येच दहा फुटांची उडी. आणि सायकलस्वार काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघून जातो. खाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास विचारलेलं असतं, "भावा, ही सायकल कितीला?"

नवीन जालन्यात सदर बाजारच्या दुकानात हाच प्रश्न जरा वेगळा येतो, "रीलमध्ये असते तशी डबल शॉकरवाली दाखवा."

प्रश्न चुकीचा नाही. जगातले सगळ्यात चांगले खेळाडू जी सायकल वापरतात ती आपण घेतली, तर आपणही चांगलं चालवू, निदान पडलो तरी कमी लागेल, असं कुणालाही वाटेल. क्रिकेटची चांगली बॅट घेताना आपण हाच विचार करतो. पण डाउनहिल सायकलच्या बाबतीत हे गणित चुकतं. कसं, ते पाहू.

थोडक्यात उत्तर

- प्रो दर्जाची डाउनहिल सायकल एकाच कामासाठी बनते: डोंगराच्या माथ्यावरून जास्तीत जास्त वेगाने खाली येणं.
- तिच्यावर बसून चढ चढणं, रोज कॉलेजला जाणं, शेतरस्त्याने फिरणं ही कामं ती वाईट करते.
- जालना परिसरात तिला पुरेल असा डोंगर नाही आणि वर नेणारी लिफ्टही नाही.
- सर्वात मोठा धोका महागड्या सायकलीत नाही. तिच्यासारख्या दिसणाऱ्या स्वस्त सायकलीवरून उडी मारण्यात आहे.
- बहुतेकांसाठी चांगली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, पुरेशी ठरते.

डाउनहिल म्हणजे नेमकं काय?

माउंटन बाइकिंगचे बरेच प्रकार आहेत. क्रॉस-कंट्रीत चढ आणि उतार दोन्ही असतात. डाउनहिलमध्ये फक्त उतार. खेळाडू एकेक करून वरून सुटतात आणि ज्याचा वेळ सगळ्यात कमी तो जिंकतो. एक फेरी साधारण ३ ते ५ मिनिटांत संपते.

याची सुरुवात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत झाली. १९७६ मध्ये तिथल्या पोरांनी जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावरून शर्यती लावायला सुरुवात केली. उतार इतका तीव्र होता की मागच्या चाकाच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळून जायचं आणि दर फेरीनंतर नवीन ग्रीस भरावं लागायचं. ग्रीस पुन्हा भरणे म्हणजे इंग्रजीत 'रिपॅक', म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं.

पुढे १९९० मध्ये अमेरिकेतल्या डुरँगो इथे यूसीआय या जागतिक संघटनेची पहिली माउंटन बाइक जागतिक स्पर्धा झाली. १९९३ पासून डाउनहिलचा वर्ल्ड कप सुरू झाला. क्रॉस-कंट्री १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे, डाउनहिल मात्र आजही नाही.

भारतातही हा खेळ नवा नाही. राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धेत डाउनहिलचा गट असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या पोन्मुडी इथे झाली.

प्रो सायकल साध्या सायकलीपेक्षा वेगळी कशी?

दुकानातली चांगली एमटीबी आणि वर्ल्ड कपची डाउनहिल सायकल यांची तुलना केली तर फरक असे दिसतात:

- सस्पेन्शन: खड्डा लागल्यावर चाक किती वर-खाली सरकू शकतं याला 'ट्रॅव्हल' म्हणतात. क्रॉस-कंट्री सायकलला तो १०० ते १२० मिमी असतो, ट्रेल सायकलला १२० ते १५० मिमी. डाउनहिलला पुढे-मागे दोन्हीकडे सुमारे २०० मिमी, म्हणजे जवळपास एक वीत.
- फोर्क: मोटरसायकलसारखा दुहेरी क्राउनचा. दोन्ही पाय हँडलपर्यंत वर जातात.
- पुढच्या फोर्कचा कोन: साधारण ६२ ते ६३.५ अंश. चाक खूप पुढे गेलेलं असतं, त्यामुळे उभ्या उतारावर सायकल तोंडावर पालथी होत नाही.
- ब्रेक: चार पिस्टनचे हायड्रॉलिक, २०० मिमी किंवा त्याहून मोठ्या डिस्कचे.
- गिअर: मागे बहुतेक वेळा फक्त ७, तेही वेगासाठी. चढासाठीचे सोपे गिअर काढूनच टाकलेले.
- सीट: अगदी खाली. बसण्यापेक्षा पायांच्या मधून बाजूला राहावी म्हणून.
- वजन: साधारण १६ ते १८ किलो.

या खेळात पॅडलला किती कमी महत्त्व आहे याचं प्रसिद्ध उदाहरण २०१५ चं आहे. ऑस्ट्रियातल्या लिओगांगच्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेच्या ॲरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली. तो एकदाही पॅडल न मारता खाली आला आणि शर्यत जिंकला. यात त्याचं कौशल्य अफाट आहेच. पण सायकल कशासाठी बनली आहे, तेही यातून कळतं.

मग ती साध्या रायडरला का जमत नाही?

*१. चढावर जीव जातो*

आकड्यांत पाहू. ट्रेल सायकलला पुढे ३२ दात आणि मागे सगळ्यात मोठ्या चकतीला ५१ दात असतील, तर पॅडलच्या एका फेरीत मागचं चाक साधारण ०.६३ फेरा फिरतं. डाउनहिल सायकलला पुढे ३६ आणि मागे सर्वात मोठी चकती २४ दातांची असेल, तर चाक दीड फेरा फिरतं. म्हणजे त्याच चढावर पायाला दुपटीहून जास्त जोर लावावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे दूधवाले जड काळ्या सायकलीवर कॅन लावून फिरतातच की. बरोबर आहे. ती सायकलही १८-२० किलोची असते. पण तिची सीट उंच करता येते, पाय पूर्ण सरळ होतो आणि लावलेला जोर थेट चाकाला मिळतो. डाउनहिल सायकलवर गुडघे छातीशी येतात, सीट फारशी वर होत नाही आणि प्रत्येक पॅडलला सस्पेन्शन खाली बसतं. तुमचा काही जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो.

*२. हळू चालवली तर ती वळत नाही*

पुढे गेलेलं चाक आणि लांब फ्रेम ताशी ४०-५० किमी वेगात सायकल स्थिर ठेवतात. तीच सायकल ताशी १० किमीने अरुंद वाटेवर वळवायला गेलात, तर हँडल एका बाजूला झुकतं आणि सायकल लोळल्यासारखी वाटते. नवशिक्याचा बहुतेक वेळ याच वेगात जातो.

*३. प्रोची सेटिंग तुमच्यासाठी नसते*

हा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. वर्ल्ड कपचे खेळाडू सस्पेन्शन बरंच कडक ठेवतात, कारण त्यांच्या वेगाला बसणारे धक्के प्रचंड असतात. तेच सेटिंग घेऊन आपण हळू गेलो तर सस्पेन्शन नीट दबतच नाही आणि सगळा धक्का हातांना बसतो. कॉइल स्प्रिंग असेल तर ती रायडरच्या वजनाप्रमाणे निवडावी लागते. ८५ किलोच्या माणसाची सेकंड-हँड सायकल ६० किलोच्या मुलाने घेतली, तर एवढ्या महागड्या सस्पेन्शनचा अर्धा उपयोग वाया जातो.

*४. टायर डांबरावर झिजतात*

डाउनहिलचे टायर जाड, मऊ रबराचे आणि मोठ्या गुठळ्यांचे असतात. एकेक टायर सव्वा किलोच्या आसपास भरतो. ओल्या दगडावर पकड उत्तम, पण उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर त्या गुठळ्या लवकर झिजतात आणि सायकल ओढल्यासारखी चालते.

*५. चूक झाकली जाते, सुधारत नाही*

२०० मिमी सस्पेन्शन चुकीची लाइन, उशिरा मारलेला ब्रेक, ताठ गुडघे हे सगळं गिळून टाकतं. त्यामुळे नवशिक्याला वाटतं की आपल्याला जमतंय आणि वेग वाढत जातो. मग ज्या वेगात चूक होते, त्या वेगात सावरण्याचं कौशल्य हातात नसतं. साध्या सायकलीवर हीच चूक कमी वेगात कळली असती.

जालन्याचा भूगोल काय सांगतो?

जालना शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर, दख्खनच्या पठारावर आहे. कुंडलिका नदीच्या एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला नवीन जालना. आजूबाजूला टेकड्या आहेत, पारसी टेकडी तर शहरातच आहे. उत्तरेला भोकरदन, जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगा सुरू होतात.

आता तुलना पाहा. स्कॉटलंडमधला फोर्ट विल्यम हा वर्ल्ड कपचा प्रसिद्ध मार्ग सुमारे २.८ किमी लांब आहे आणि त्यात सायकल साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली उतरते. आपल्या शेजारचा देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून साधारण २०० मीटर उंच आहे. म्हणजे देवगिरीच्या अडीच पटीहून जास्त उतार एका फेरीत. आणि तिथे खेळाडू सायकल ढकलत वर जात नाहीत, रोपवेच्या डब्यातून जातात. कॅनडातल्या व्हिसलरमध्ये १९९९ पासून बाइक पार्क आहे, तिथेही स्कीइंगची लिफ्ट उन्हाळ्यात सायकली वर नेते.

महाराष्ट्रात रोपवे आहेत, पण ते भाविक आणि पर्यटकांसाठी. उंच डोंगर म्हणाल तर सह्याद्रीत भरपूर आहेत. पण बरेच किल्ले संरक्षित स्मारकं आहेत आणि बरीच जंगलं वन विभागाच्या ताब्यात. तिथे परवानगीशिवाय सायकल उतरवणं म्हणजे दंडाला आमंत्रण, शिवाय वाटेवर ट्रेकर असतील तर त्यांच्या जिवालाही धोका.

मग जालन्याचा माणूस सायकल चालवतो कुठे? घाणेवाडी तलावाकडे सकाळची फेरी, भोकरदन रस्त्याने राजूरच्या गणपतीला, शेतातली पांदण, एखादी टेकडी. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जात असला तरी त्यावर दुचाकीलाच बंदी आहे, सायकलचा प्रश्नच नाही. थोडक्यात, इथल्या राइडमध्ये ९० टक्के पॅडल आहे. जिथे चेन तुटली तरी जिंकता येतं, असा तो रस्ता नाही.

आणखी दोन खास आपल्याकडच्या गोष्टी. एक, काळी माती. पावसाळ्यात ती टायरच्या मोठ्या गुठळ्यांमध्ये इतकी भरते की चाक फ्रेमला घासून थांबतं. दोन, बाभळीचे काटे. यावर डाउनहिल सायकल नाही, तर ट्यूबलेस टायर आणि आतलं सीलंट हा उपाय आहे. काटा घुसला की सीलंट भोक बुजवतं. ते साध्या सायकललाही बसवता येतं, फक्त रिम आणि टायर ट्यूबलेसला चालणारे हवेत.

खर्च किती?

प्रो दर्जाच्या डाउनहिल सायकली परदेशात साधारण ४ हजार डॉलरपासून सुरू होतात आणि कार्बन फ्रेमच्या ७ ते १० हजार डॉलरपर्यंत जातात. रुपयांत साडेतीन ते नऊ लाख, तेही वाहतूक आणि कर सोडून. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयात सायकलींवरचं सीमाशुल्क ३० वरून ३५ टक्के झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो दिलासा. तरी आयात सायकल स्वस्त होत नाही.

खरेदीनंतरचा खर्च वेगळा. फोर्कच्या खालच्या भागाचं तेल आणि सील साधारण ५० तासांच्या राइडनंतर बघावे लागतात, असं मोठ्या कंपन्या सांगतात. रोज एक तास चालवली तर दोन महिन्यांनी. पंक्चर, चेन, ब्रेक पॅड हे गल्लीतल्या मेकॅनिकला जमतं. पण डाउनहिलचा मागचा हब १५७ मिमी रुंद असतो, फोर्कचा ॲक्सल २० मिमीचा, ब्रेकमध्ये तेल भरायला वेगळं किट. हे सामान जालन्यात मागवावंच लागणार, आणि सस्पेन्शन सर्व्हिसला पुण्या-मुंबईकडे पाठवलं की सायकल बरेच दिवस घरी नाही.

सेकंड-हँड कार्बन फ्रेम घेताना तर जास्त जपा. कार्बनला आपटल्यावर आत तडा जातो आणि वरून काहीच दिसत नाही. बऱ्याच कंपन्यांची फ्रेमची वॉरंटी फक्त पहिल्या मालकालाच मिळते.

खरा धोका कुठे आहे?

आपल्याकडे नऊ लाखांची सायकल घेऊन पडणारे फार नाहीत. बाजारात ८ ते १५ हजारांत मिळणारी 'डबल शॉकर' सायकल मात्र घराघरांत आहे. जाड टायर, मधोमध लाल स्प्रिंग, फोर्कवर मोठं स्टिकर. दिसायला रीलमधल्यासारखीच.

फरक आत आहे. या सायकलींच्या फोर्कमध्ये बऱ्याचदा नुसती स्प्रिंग असते. धक्का शोषून हळू परत येण्यासाठी जे तेलाचं डॅम्पिंग लागतं, ते नसतं. स्प्रिंग दबते आणि उसळून परत येते, सायकलस्वारासकट. वेल्डिंग, रिम, हँडलचा दांडा यांपैकी काहीही उडीसाठी तपासलेलं नसतं.

मग आपली सायकल किती सहन करेल हे कसं ओळखायचं? यासाठी एएसटीएम एफ२०४३ नावाचं वर्गीकरण आहे. बऱ्याच कंपन्या फ्रेमवर किंवा माहितीपुस्तिकेत हा वर्ग छापतात:

- वर्ग १: फक्त पक्का रस्ता.
- वर्ग २: कच्चा रस्ता. उंचीवरून खाली येणं १५ सेंमीपेक्षा कमी. म्हणजे फुटपाथवरून उतरण्याइतकं.
- वर्ग ३: खडबडीत वाट, लहान अडथळे. उडी ६१ सेंमीपेक्षा कमी.
- वर्ग ४: अवघड ट्रेल. उडी १२२ सेंमीपर्यंत.
- वर्ग ५: डाउनहिल, फ्रीराइड, मोठ्या उड्या.

तुमच्या मुलाची सायकल आत्ता घरी असेल तर उलटी करून बघा. पुस्तिकेत 'उड्या किंवा स्टंटसाठी नाही' असं लिहिलं असेल किंवा वर्गच दिलेला नसेल, तर तिला वर्ग २ च समजा. अशा सायकलीवरून तीन फुटांच्या बांधावरून उडी मारली आणि पहिल्यांदा काही झालं नाही, याचा अर्थ ती चालते असा होत नाही. धातूला तडा हळूहळू जातो. फोर्क तुटतो तेव्हा सायकलस्वार तोंडावर पडतो आणि दात, जबडा, मनगट, मान यांपैकी काहीतरी जातं.

मग ही सायकल कुणासाठी योग्य?

पुढच्या सगळ्या गोष्टी जमत असतील तर विचार करायला हरकत नाही:

- तुम्ही राष्ट्रीय पातळीवर डाउनहिल शर्यतीत उतरताय किंवा त्याची तयारी करताय.
- वर जायला पिकअप किंवा लिफ्टची सोय असलेला, परवानगी असलेला मार्ग तुम्हाला नियमित मिळतो.
- तुमच्याकडे रोजच्या सरावासाठी दुसरी सायकल आहे.
- देखभालीचं बजेट वेगळं ठेवलंय.

यातली एकही गोष्ट नसेल तर भाड्याने घ्या. परदेशात बाइक पार्कमध्ये डाउनहिल सायकल, फुल-फेस हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड दिवसाच्या भाड्याने मिळतात. कॅनडात किंवा युरोपात कुणी नातेवाईक असेल आणि जाणं होणार असेल, तर एक दिवस प्रशिक्षकासोबत चालवून बघा. हौसही फिटेल आणि ही सायकल किती वेगळी आहे ते एका फेरीत कळेल.

जालन्यातल्या रायडरने पैसे कशावर घालावेत?

क्रम असा ठेवा:

१. हेल्मेट. साध्या राइडला ईएन १०७८ चं प्रमाणपत्र असलेलं. उतारावर वेगात जाणार असाल तर एएसटीएम एफ१९५२ मानकाचं फुल-फेस. मोटरसायकलचं हेल्मेट जड आणि कोंदट होतं, पॅडल मारताना ते डोक्यावर टिकत नाही.

२. ब्रेक. केबलच्या डिस्कपेक्षा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. दोन्ही ब्रेक एका बोटाने लागले पाहिजेत.

३. योग्य मापाची फ्रेम. मुलगा वाढतोय म्हणून दोन साइझ मोठी घेऊ नका. ताबा जातो.

४. चांगला फोर्क असलेली हार्डटेल. १०० ते १२० मिमी ट्रॅव्हल, हवेची स्प्रिंग आणि डॅम्पिंग. स्वस्त डबल शॉकरपेक्षा त्याच किमतीची हार्डटेल जवळपास नेहमीच चांगली असते, कारण मागचा शॉकर आणि त्याचे जोड यांवर जाणारा पैसा ब्रेक आणि फोर्कवर लागतो.

५. टायर आणि सीलंट. बाभूळ आहे, विसरू नका.

याहून पुढे जायचं असेल आणि सह्याद्रीत नियमित जाणं होत असेल, तर १३० ते १५० मिमीची ट्रेल सायकल बघा. ती चढतेही आणि उतरतेही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*डाउनहिल सायकलला उंच सीटपोस्ट लावून रोज वापरता येईल का?*
बऱ्याच फ्रेममध्ये सीटची नळी वाकडी किंवा तुटक असते, सीट हवी तेवढी वर जात नाही. गेली तरी गिअर आणि सस्पेन्शनचा प्रश्न तसाच राहतो.

*साध्या सायकलला मोठा डाउनहिल फोर्क बसवला तर?*
करू नका. लांब आणि जड फोर्कमुळे फ्रेमच्या पुढच्या जोडावर जास्त ताण येतो आणि तिथूनच ती तुटू शकते. फ्रेमची वॉरंटीही जाते.

*मुलाला उड्या शिकायच्याच आहेत. काय करू?*
वर्ग ४ किंवा ५ ची सायकल, फुल-फेस हेल्मेट, गुडघ्या-कोपराचे पॅड आणि शिकवणारा माणूस. सुरुवात जमिनीवरच, आधी दोन्ही चाकं एक विटेइतकी उचलायला शिकू द्या. यातलं काहीही नसेल तर बांधावरून उडी नको.

*सायकल घेताना दुकानदाराला काय विचारू?*
तीन प्रश्न: फ्रेमचा वर्ग कोणता, फोर्कमध्ये डॅम्पिंग आहे का आणि सुटे भाग जालन्यात मिळतील का. तिन्हींची उत्तरं पुस्तिकेत किंवा बिलावर लिहून मागा.